कॅथेड्रल बघायची खरी वेळ

रंगवून सांगण्यासारखं यात काही नाही. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलंय आणि अजून मिटलेलं नाही. खोटं बोलून मला काय मिळणार?

मावशीची मुलगी, आमची ताई, एका प्रसिद्ध कॅथेड्रलमध्ये गाईड आहे. येणाऱ्या प्रत्येकाचा एकच प्रश्न असतो, “बघायला चांगली वेळ कोणती?”

ती सांगायची, सकाळी लवकर या.

खरी वेळ मात्र ती कुणाला सांगत नसे. दुपारी जेवणासाठी दारं बंद होतात. तेव्हा ऊन थेट रंगीत काचांवर येतं आणि आत चिटपाखरूही नसतं.

मावशीला ते एकदा डोळे भरून बघायचं होतं. पण काका गेल्यापासून तिला गर्दी सोसत नव्हती. चार माणसं जमली की श्वास अडकायचा. घराबाहेर पडणंच सोडलं होतं तिने. ताईचा जीव तिळतिळ तुटायचा. आईला एकदा तरी बाहेर काढायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

म्हणून तिने किल्लीबुवांना मस्का लावला. हे म्हातारे गृहस्थ तिथली कुलपं सांभाळायचे. कमरेला कायम जुडगा, म्हणून हे नाव.

“दुपारी नको गं,” ते म्हणाले.

“का? भूत आहे की काय?”

ते हसले नाहीत. “कुलूप लावण्याआधी मी टाळी वाजवतो, बघितलंयस ना? आत कोणी नसलं की ती घुमत घुमत परत येते. माणसं असली की त्यांच्या कपड्यांत, अंगांत मुरते. मग कोपरे धुंडाळत बसावं लागत नाही.”

“मग?”

“दुपारी कधी कधी… सगळे गेल्यावरही परत येत नाही.”

ताईने ते हसण्यावारी नेलं. तिच्या हट्टापुढे म्हाताऱ्याचं काही चाललं नाही.

उन्हाळ्यातली लख्ख दुपार होती. शेवटचा माणूस बाहेर पडला आणि मायलेकी आत गेल्या. किल्लीबुवा दाराशीच थांबले.

मावशी पुढच्या बाकावर टेकली. फरशीवर लाल-निळे कवडसे पडले होते. मावशी चक्क हसली. किती महिन्यांनी!

ताईला कोण आनंद झाला! तिने लगेच माहिती सांगायला सुरुवात केली. गाईडची खोड… तोंड पाहुण्यांकडे आणि चाल उलटी. बोलता बोलता ती मागे मागे सरकत गेली. मागे वळून बघायची तिला गरजच नव्हती, जागा रोजच्या पायाखालची.

मग मावशीचं हसू मावळलं.

ती ताईच्या मागे बघत होती.

बाकावर जरा सरकली… मग आणखी सरकली. कुणाला तरी बसायला जागा द्यावी तशी.

“आई, काय झालं?”

“गर्दी वाढली गं…”

मावशीला धाप लागली.

तेवढ्यात दाराशी टाळी वाजली. ताईने कान टवकारले.

काही नाही… टाळी जागच्या जागी विझली.

“आईला घे आणि बाहेर ये! आत्ताच्या आत्ता!” किल्लीबुवा ओरडले.

ताई धावली. म्हणजे, धावायला गेली. त्या मोकळ्या वाटेत तिला कोपरं मारत, अंग चोरत पुढे सरकावं लागलं. गालाला कुणाच्या तरी कोटाची खरखरीत बाही घासली… दिसत मात्र कोणीच नव्हतं. कसाबसा आईचा हात सापडला. तो धरून तिने तिला ओढतच बाहेर आणलं.

उन्हात आल्यावर मावशीचा श्वास हळूहळू ताळ्यावर आला. ताई तिच्या गळ्यात पडून रडली. सुटलो, असं तिला वाटलं.

मावशीने अलगद तिचे हात बाजूला केले.

“तुमचे फार उपकार झाले हो,” ती म्हणाली. “पण माझी मुलगी आत राहिली. मागे मागे गेली आणि माणसांत दिसेनाशी झाली. त्यांना दार लावू देऊ नका.”

आजतागायत हे तसंच आहे. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. मावशीचं डोकं ठणठणीत आहे. मला ओळखते, शेजाऱ्यांना ओळखते, माझी लहानपणीची बिंगं चारचौघांत फोडते. आता ती रोज घराबाहेर पडते. दुपारी कॅथेड्रलच्या दाराशी मुलीची वाट बघत उभी असते. ताईला मात्र ‘अहो बाई’ म्हणते आणि तिच्या हातचं पाणी घेतानाही संकोचते.

परवा ताई माझ्याकडे आली.

म्हणाली, “तू मला लहानपणापासून बघतोयस. खरं सांग… मीच आहे ना?”

“वेडी का तू? तूच आहेस!”

मी लगेच म्हणालो. पण तेव्हापासून ती समोर बसली की मी तिच्याकडे जरा जास्तच निरखून बघतो.