अंगठ्यावरचा टॉवेल

“टॉवेल काढ हातावरून,” भाऊ तिसऱ्यांदा म्हणाला, आणि ताईने तिसऱ्यांदा टॉवेलखालून पट्टी सोडली.

स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या कडेला त्याचा हात टेकलेला होता, चिमूट उघडी... पट्टी तिच्यातून सरळ निसटून फरशीवर आपटली.

अठरा वर्षे दर रविवारी सकाळी हे चालत आले होते. तीस सेंटिमीटरची पट्टी ती वरून धरायची, न सांगता सोडायची, आणि हा बॉक्सर भाऊ ती चिमटीत पकडायचा. जिथे पकडली तो आकडा ती कॅलेंडरवर लिहायची; आकडा जितका लहान, तितका हात चपळ. एकेचाळिसाव्या वर्षीही चौदा! प्रशिक्षक तो आकडा कौतुकाने सगळ्यांना सांगत, आणि त्याच चौदाच्या भरवशावर नऊ दिवसांनी विजेतेपदाची लढत ठरली होती.

गेल्या रविवारी थंडी म्हणून तिने हातमोजे घातले आणि पट्टी पडली. हाताला घाम आला होता, असे तो म्हणाला. थंडीतला तो घाम तिला आठवडाभर पचला नाही. म्हणून आज तिने टॉवेल, हार मानून लढत थांबवायला रिंगमध्ये फेकतात तोच, आपल्या अंगठ्यावर पांघरला, आणि सगळे लख्ख कळले. तो पट्टीकडे पाहतच नव्हता. सोडण्याआधी तिची पकड सैल होई, दाबाने पांढऱ्या पडलेल्या नखाखाली लाली परते... तो ती लाली पाहत होता.

“किती वर्षं फसवतोयस?”

पाच, असे तो पुटपुटला, मग उसळला. रिंगमध्येही तो समोरच्याचा खांदाच वाचायचा, म्हणून तर इतकी वर्षे टिकला, त्यात फसवणूक कसली?

“माझा अंगठा तुला पाठ आहे. लढतीत समोर येणाऱ्या त्या चोवीस वर्षांच्या पोराचा खांदा पाठ आहे का? डोक्यावर ठोसा बसल्यावर कळणार तुला तो.”

“तुला माझं बघवत नाही, ताई. तू स्वतः ठोशांना घाबरून बॉक्सिंग सोडलंस, आता मलाही घरी बसव.”

अठरा वर्षे जपलेले स्वतःचेच खोटे त्याने तिच्या तोंडावर मारले होते.

“घाबरून?” तिचा आवाज फाटला. “अकादमीच्या यादीत दोघांची नावं होती. बाबा अंथरुणाला खिळलेले, दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवायला कुणीतरी हवं होतं. खरं सांगितलं असतं तर तू गेला नसतास. म्हणून घाबरले म्हटलं. ते काय तुला असा मरताना बघायला?”

त्याने वाकून पट्टी उचलली, तिच्या अंगठ्यावरचा टॉवेल स्वतःच्या अंगठ्यावर घेतला, आणि मानेनेच तिला हात पुढे करायला सांगितले. तिने चिमूट उघडली. पट्टी सुटली... आणि तिने पकडली.

“सोळा,” त्याने वाचले. “त्रेचाळिसाव्या वर्षी. कसलाही सराव नसताना.” त्याने पट्टी तिच्या हातातून घेतली. “तुझी जागा होती, ताई... आणि मी ती पाच वर्षं खोट्यावर ओढली.”

तिचा राग इतक्यात निवणारा नव्हता.

त्याने अंगठ्यावरचा टॉवेल काढला, आणि स्वतःच्याच पायाशी टाकला.

“प्रशिक्षकांना तू सांगशील?”

“तूच सांग,” खुर्ची त्याच्याजवळ ओढत ती म्हणाली. “मी इथेच बसते.”