पहिला मासा दत्तोबाचा

शेवट ओळखा, मस्तानी माझ्याकडून. नाही ओळखलात तर तुम्ही मला पाजायची. ए सलोनी, मोबाइल पालथा ठेव. लाइट गेलीय तर गेलीय. मेणबत्ती नको... राहू दे.

तर आपला सुखदेव. बिबवेवाडीत पिठाची गिरणी त्याची, माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस. जन्म पिठात गेला, पण जीव सगळा गळात. रविवार आला की कणकेत हिंग मळायचा, गोळ्या वळायच्या आणि खडकवासल्याच्या मागच्या पाण्यावर जाऊन बसायचं. त्याच्या मागं लागला पियुष. हिंजवडीत कंप्युटरवर काम, मासा फक्त ताटात बघितलेला. “काका, मलापण शिकवा ना!”

शिकवलं. सावली पाण्यावर पाडायची नाही. दोरी जरा ढिली ठेवायची. मासा गोळीला टोचायला लागला की लगेच हिसका नाही द्यायचा, नीट गिळू द्यायची. पोरानं पहिल्याच दिवशी रोहू काढला हो! गुरूच्या पिशवीत नुसती हवा. सुखदेवला ते बघवेना.

“सोड तो,” म्हणाला. “पहिला मासा दत्तोबाचा. इथंच गळ टाकून बसायचा बिचारा, इथंच बुडाला. त्याचा मान असतो.”

दत्तोबा बुडाला ते खरं. मानबिन सगळी थाप! पण पियुषनं मासा सोडला, वर हात जोडले. मग काय, दर रविवारी पहिला सोडायचा आणि मागून पिशवी भरायची. सुखदेवच्या गळाला शेवाळ. वर ते बेणं गुरुदक्षिणा म्हणून एक मासा याच्या घरी धाडायचं.

नंदावहिनी तळताना म्हणायच्या, “अहो, हा शिष्याचा. गुरूंनी आणला तर तोही तळीन हो. तेल ठेवलंय राखून.”

जळून कोळसा झाला माणूस.

गेल्या सर्वपित्री अमावस्येला, दिवेलागणीच्या वेळी एकटाच निघाला. वहिनी म्हणाल्या, “आज तरी नका जाऊ.” ऐकतोय कुठला! पियुषच्यापेक्षा मोठा मासा हवा होता त्याला. बास.

पाणी शांत. अंधार पडला. दोरी ताणली... कटला मासा! मांडीएवढा. सुखदेवनं छातीशी धरला, पिशवी उघडली...

मागून कुणीतरी म्हणालं, “सुखदेव. पहिला माझा ना?”

वळला. कुणी नाही.

“दत्तोबा... अहो, ते मी... उगाच त्या पोराला...”

सगळं गप्प. बेडूकसुद्धा.

अंधारातून एक हात पुढं आला. ओला. पसरलेला.

सोडायचा होता ना मासा! पण डोळ्यापुढं पियुष आला. आणखी घट्ट धरला.

“हा नाही देणार.”

हातानं मासा घेतलाच नाही. सुखदेवचा उजवा हात घेतला. नुसता धरला. थंड... बराच वेळ.

मग सोडला.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी कटला तळला. सुखदेवनं पियुषला फोटो पाठवला, मिशीत हसला आणि गिरणीत गेला. पिठात हात घातला. बाहेर काढला...

तळहाताला कणीक.

पुसला. परत ओला. टॉवेल झाले, डॉक्टर झाले, पंख्याखाली बसून झालं. अजून ओलाच आहे. धरणाच्या पाण्याचा वास येतो. असल्या हातचं पीठ कोण नेणार? गिरणी विकली त्यानं.

आता रविवारी पियुषला गोळ्या वळून देतो.

पाणी घालावं लागत नाही.