चटणीची डबी

चाकणच्या आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये एक उंच मुलगा बाह्या सरसावून खरकट्याच्या पिंपात हात घालून उभा होता. मी ताट ठेवायला गेले आणि थबकले.

"काय करताय?"

"दात शोधायलोय..." तो पडेल आवाजात म्हणाला. "म्हणजे दात सरळ करायचा तो प्लास्टिकचा अलायनर. जेवताना काढला, टिश्यूत गुंडाळला, अन् ताटासोबत टाकून दिला."

मला हसू फुटलं. मी हसले की तारा चमकतात. तो बघतच राहिला.

"बघताय काय? ब्रेसेस आहेत. सव्विसाव्या वर्षी, माझ्या हौसेने, माझ्या पगारातून!"

"मी कुठं काय म्हणलो?"

खरंच, बिचारा काहीच म्हणाला नव्हता. मग मीही बाह्या वर केल्या. डाळभाताखाली सापडला एकदाचा. गडी तो तसाच तोंडात घालायला निघाला!

"अहो, धुवा आधी! गार पाण्याने. गरम पाण्याने वाकतो."

तो टूलरूममधला नवनाथ, बीडचा. मी विजयश्री, क्वालिटीतली.

"याची डबी नाही का?"

"हाय की. पण टेबलावर काढली की पोरं चिडवतात. म्हणून खांबाआड जाऊन..."

"लपवता म्हणून हरवता," मी म्हटलं, आणि माझ्या डब्यातली चटणीची स्टीलची डबी धुऊन त्याच्या हातात ठेवली. "ही वापरा. आई रोज चटणी देते, पण तारेने गाल सोलल्यापासून मी ती खातच नाही."

त्यानंतर कंपनीच्या बसमध्ये त्याला नेमकी माझ्याशेजारचीच सीट रिकामी दिसू लागली.

"ह्या पंधरवड्याचा नवा अलायनर लई दुखायलाय."

"नवा झोपताना घालायचा. निम्मं दुखणं झोपेत जातं."

"झोप लागली तर ना..."

"इतकं दुखतं?"

"दाताचं नाही म्हणत मी."

मी खिडकीबाहेरचे ट्रेलर मोजल्यासारखं केलं. एकदा तार गालात घुसली, तेव्हा मी मेणाची गोळी करून तारेवर बसवत असताना त्याने मोबाइलचा कॅमेरा आरशासारखा माझ्यासमोर धरला. आरसा थरथरत होता.

"हात का हलतोय?"

"बस हलायलीय."

"बस सिग्नलला उभी आहे, नवनाथ."

आणि मग आत्याने स्थळ आणलं. "डॉक्टरांना सांगून तेवढ्या दिवसापुरत्या तारा काढून घे," कुसुमआत्या म्हणाली. "नाहीतर तोंड मिटून हस."

तारा म्हणजे काय बांगड्या आहेत, हव्या तेव्हा काढायला? मी पाहुण्यांसमोर ट्रे ठेवला आणि सगळे दात दाखवून हसले. मुलाची आई चपापली. "छान आहे हो मुलगी. तारा निघाल्या की कळवा."

"तारा निघतील," मी म्हटलं, "पण मी कळवणार नाही."

घरात आठवडाभर माझ्याशी कुणी धड बोललं नाही. बसमध्ये नवनाथला सगळं सांगताना मात्र माझा आवाज चिरकला. राग होता, आणि दुखलंही होतं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "रविवारी मी येऊ का... बघायला?"

"कुणाला?"

"मलाच बघा म्हणावं घरच्यांना."

"पोहे मिळणार नाहीत. तारा कालच घट्ट केल्यात, शेंगदाणा चावत नाही."

"शिरा चालतोय मला."

रविवारी आमच्या संत तुकाराम नगरातल्या घरी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. आईने शिऱ्याची बशी पुढे केली. समोर आई, आत्या, बाबा. अलायनर काढल्याशिवाय खाता येणार नव्हतं. हा आता उठून मोरीत गेला, तर सगळं संपलं. जो स्वतःचे दात लपवतो, तो उद्या मलाही लपवेल.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांदेखत अलायनर काढला, खिशातून डबी काढली, त्यात ठेवला, झाकण लावलं आणि डबी टीपॉयवर मधोमध ठेवून दिली.

"अगंबाई!" आई ओरडली. "ही तर माझी चटणीची डबी! महिनाभर शोधतेय मी!"

आत्याने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तो कानापर्यंत लाल झाला, पण नजर खाली गेली नाही.

"काकू, डबी परत मिळणार नाही," तो म्हणाला. "मला विजयश्री आवडते. तारांसकट."

"अगं, काहीतरी बोल की!" आत्याने मला ढोसलं.

मी सगळे दात दाखवून हसले.