‘मिठागर’चा चौथा भाग

बूट वाळूत सापडले. एका बुटात मोबाइल खोचलेला होता, आणि तो नोलवेनचा होता.

हे सांगायला पोलीस हॉटेलात आले तेव्हा नोलवेनची आई, ओदिल शावान्याक, दारात उभी राहून पाहुण्यांना लाल छत्र्या वाटत होती. हातातली छत्री हातातच राहिली. 

फ्रेंच सिनेमे आणि मालिका जगभर खपवायच्या, हे ओदिलचं आयुष्यभराचं काम. दर सप्टेंबरात ती परदेशी खरेदीदारांना सां-मालोच्या किनाऱ्यावर बोलवायची, कालवं खाऊ घालायची, मालिका दाखवायची आणि प्रत्येकाच्या हातात फ्रान्सचा कोंबडा छापलेली छत्री द्यायची. रंग दर वर्षी नवा. गेल्या वर्षीच्या निळ्या छत्र्या वाऱ्यात उलट्या व्हायच्या. लोकांनी तिची यथेच्छ टिंगल केली, आणि उरलेली खोकी तिने समुद्राच्या भिंतीखाली, जुन्या स्नानघराच्या तळघरात ढकलून दिली. हा सगळा उद्योग ती हौसेने करायची. आज मात्र तिला त्यातलं काहीच दिसत नव्हतं.

“मुलगी शेवटची कधी दिसली, मादाम?” पोलीस कॅप्टन कोआतालेमने विचारलं. माणूस थकलेला होता, पण आवाज मऊ होता.

“न्याहारीला. अकराच्या सुमारास कुणाला तरी भेटायचंय म्हणाली.”

“कुणाला?”

“नाव सांगितलं नाही.”

“काही काळजीत होती?”

 काळजी होतीच. नोलवेन एका लहान कंपनीसाठी मालिका विकायची. मिठागरावर राबणाऱ्या एका घराण्याची ‘मिठागर’ ही तिची पहिली मोठी मालिका. कुठेही दाखवण्याआधीच तिचे भाग चोरून इंटरनेटवर आले होते, आणि सगळे नोलवेनकडे बोट दाखवत होते.

“आधी पाहायला म्हणून तिने तिघा खरेदीदारांना प्रत दिली होती,” ओदिल म्हणाली. “प्रत्येक प्रतीत डोळ्याला न दिसणारी वेगळी खूण असते. चोरीची प्रत कुणाची, ते तिला काल कळलं. आज सकाळी मला म्हणाली, ‘आई, आधी त्या माणसाला तोंडावर विचारते. उगाच कुणाचं नाव खराब नको.’”

“ती खूण आम्हाला बघता येईल?”

“तिच्या लॅपटॉपमध्ये आहे. तो खोलीत नाही. पॅरिसच्या ऑफिसातून उद्या कळेल.”

कॅप्टनने खिडकीबाहेर पाहिलं. “उद्यापर्यंत थांबता येणार नाही. आज वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण आहे. भरती सुरू झालीय. आमच्या बोटी शोधतायत, पण... मादाम, कामाच्या ताणाने माणसं कधी कधी स्वतःहून...”

“माझी मुलगी नाही!” ओदिल ओरडली. सगळं दालन वळून बघू लागलं.

तेवढ्यात तिच्या खांद्यावर हात पडला. एद्गार लाव्हॉन्या. तीन देशांच्या वाहिन्यांसाठी मालिका विकत घेणारा, ओदिलचा जुना मित्र. नोलवेनला लहानपणी खांद्यावर बसवून फिरवलेला. गेल्या वर्षी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे त्याला येता आलं नव्हतं, आणि त्याच्यावाचून जेवणं अळणी झाल्याचं सगळेच म्हणत होते.

“चल, ओदिल. आपण स्वतः जाऊन बघू. इथे उभी राहिलीस तर वेड लागेल तुला.”

बाहेर पावसाची झोड उठली होती. त्याने छत्री उघडून तिच्या डोक्यावर धरली आणि तिला वाळूत उतरवलं. बूट सापडले तिथे आता पाणी आलं होतं. निळ्या कापडावरचा कोंबडा वाऱ्याने फडफडत होता, ओदिलचे दात वाजत होते, आणि एद्गार पुन्हा पुन्हा म्हणत होता, “धीर धर गं. धीर धर.”

किनाऱ्यावर कुणी नव्हतं. होता तो फक्त पुढे सरकणारा समुद्र.

*

ते दोघे परतल्यावर कॅप्टनने ज्यांच्याकडे प्रती होत्या त्या तिघांना न्याहारीच्या दालनात बसवलं. ओदिलही बसली. तिला बाहेर पाठवायची कुणाची छाती झाली नाही.

तिघांचं उत्तर एकच. अकरा वाजता आम्ही मालिका दाखवण्याच्या छोट्या कप्प्यांत होतो. प्रत्येक कप्प्याला पडदा, कानाला हेडफोन, समोर ‘मिठागर’चा चौथा भाग.

“शेवटपर्यंत पाहिलात?” कॅप्टनने आधी बेल्जियमच्या गोदेलिव्ह स्ट्रोबांतना विचारलं.

“मी? शेवटपर्यंत?” बाई जवळजवळ दुखावल्या. “अहो, मी दहा मिनिटांत उठते. खरेदीदार शेवटपर्यंत बसला तर विकणाऱ्याला वाटतं, मासा गळाला लागला. शिवाय हेडफोन बिघडलेला होता. मी बारमध्ये गेले. बारवाल्याला विचारा.”

बारवाल्याने मान डोलावली.

“आणि तुम्ही, मिस्टर कुरामोची?”

जपानी गृहस्थ अदबीने झुकले. “मी पूर्ण पाहिला. फार धाडसी काम आहे. आमच्याकडे वयस्कर प्रेक्षकांना आवडेल.”

“धाडसी म्हणजे?”

“इतका संयम.” ते आणखी झुकले. “मादामच्या या अवघड वेळी अधिक बोलणं बरं नाही.”

“म्हणजे त्यांना आवडला नाही,” एद्गार ओदिलच्या कानाशी कुजबुजला. एरवी ती हसली असती.

“तुम्ही, मिस्यू लाव्हॉन्या?”

एद्गारने डोळे पुसले. “मी शेवटपर्यंत पाहिला. बाप आणि मुलगा स्वयंपाकघरात भांडतात ना, बाप म्हणतो, ‘हे मीठ माझ्या रक्तातलं आहे, तुझ्या नाही’... तिथे मला रडू आलं. मी मनात म्हटलं, बाहेर जाऊन नोलवेनला मिठी मारायची. आणि बाहेर आलो तर...”

खोलीत दम कोंडायला लागला, तशी ओदिल उठून बाहेर पडली.

पाय तिला कप्प्यांकडे घेऊन गेले. मुलीचं काम तिथे पडद्यावर होतं, तेवढंच आता जवळ उरलं होतं. तिने हेडफोन घातला आणि चौथा भाग लावला.

लाटांचा आवाज आला. खुर्ची सरकली. दार आपटलं. बाप तोंड उघडून ओरडला, आणि आवाज आला नाही. मुलाने उत्तर दिलं, ओठ हलले, आवाज नाही. कपबशीची किणकिण होती, दारावरच्या थापा होत्या, कुणाच्या तरी धापा होत्या. माणसं तोंडं उघडत होती, कुणाचाच शब्द बाहेर येत नव्हता. आपली पोर अशीच कुठेतरी तोंड उघडून हाका मारतेय आणि आपल्याला ऐकू येत नाही, असं ओदिलला वाटलं.

तिने हेडफोन काढून टाकला. बिघाड हेडफोनचा नव्हताच. परदेशी वाहिन्या मालिकेत आपल्या भाषेचे आवाज भरतात. त्यांच्यासाठी एक वेगळी प्रत असते. तिच्यात संगीत असतं, पावलं, दारं, वारा सगळं असतं, फक्त नटांचं बोलणं काढलेलं असतं. सकाळच्या घाईत ओदिलने स्वतःच तीच प्रत लावून ठेवली होती. सगळ्या कप्प्यांना.

ती उभी राहिली. आणि मग तिला छत्री आठवली.

ती धावत सुटली.

*

“भिंतीखालचं तळघर!” न्याहारीच्या दालनाच्या दारातूनच ती कॅप्टनला म्हणाली. “जुनं स्नानघर. दाराला बाहेरून कडी आहे. माणसं पाठवा. आत्ता, या क्षणी! आजच्या उधाणात तिथे छतापर्यंत पाणी चढेल.”

कॅप्टनने एक प्रश्नही विचारला नाही. दोन शिपाई पळत गेले. ओदिल त्यांच्यामागे निघाली होती, पण एद्गार खुर्चीवरून उठलेला तिला दिसला, आणि ती दारातच आडवी उभी राहिली.

“तू कुठे निघालास?”

“मदतीला! ओदिल, तुला झालंय तरी काय?”

“बस.” तिला त्याची भीती वाटत होती. वीस वर्षं ज्याच्या शेजारी बसून जेवली, त्या माणसाची. “कॅप्टन, याला विचारा, बापाचं वाक्य याने कुठे ऐकलं?”

“चौथ्या भागात. सांगितलं ना मी,” एद्गार म्हणाला.

“आज त्या कप्प्यांत कुणी एक शब्दही बोललेलं नाही. मी चुकून बिनबोलण्याची प्रत लावली. गोदेलिव्ह, म्हणून तुला हेडफोन बिघडलेला वाटला. मिस्टर कुरामोची, तुम्हाला वाटलं, फ्रेंच लोकांनी मुद्दाम मूक मालिका काढली.”

“मला ते फार भावलं होतं,” कुरामोची हळूच म्हणाले.

“हे दोघे खरंच तिथे होते. तू नव्हतास. ते वाक्य तू नोलवेनने दिलेल्या प्रतीत आधीच ऐकलं होतंस.”

“बरं, नव्हतो!” एद्गार हसायचा प्रयत्न करत म्हणाला. “खोलीत झोपलो होतो. खोटं बोललो, लाज वाटली म्हणून. तेवढ्यावरून मला खुनी ठरवतेस?”

“झोपला होतास, तर ती छत्री कुठून आणलीस?”

सगळ्यांनी वळून पाहिलं. एद्गारच्या खुर्चीच्या पाठीला निळी छत्री अडकवलेली होती, पाणी ठिबकत होतं.

“तुझीच आहे. तूच वाटतेस सगळ्यांना.”

“यंदाची लाल आहे, एद्गार. निळी गेल्या वर्षीची. गेल्या वर्षी तू आला नव्हतास. उरलेल्या सगळ्या मी त्या तळघरात टाकल्या, आणि दुसरीकडे कुठेच नाहीत.” “तू तिला तिथे नेलंस. एकांतात बोलू म्हणालास, आणि ती तुझ्यावर विश्वास ठेवून आली. दार लावून बाहेर पडायच्या वेळी पाऊस सुरू झाला. कप्प्यात बसलेल्या माणसाचा कोट भिजून कसा चालेल? म्हणून खोक्यातली एक छत्री घेतलीस. वाळूत ती नेहमी बूट काढते, मोबाइल त्यात खोचते; दाराबाहेर राहिलेले तिचे बूट तू लाटांजवळ नेऊन ठेवलेस. आणि तुझ्या बुटांना लागलेली वाळू कुणाच्या डोळ्यांत येऊ नये म्हणून मला धरून किनाऱ्यावर फिरवलंस. माझ्या डोक्यावर तीच छत्री धरून!”

“पण कशासाठी?” गोदेलिव्हबाईंनी विचारलं.

“चोरीला गेलेली मालिका पडत्या भावात मिळते. त्यानेच ती बाहेर सोडली, म्हणजे त्यालाच स्वस्तात घेता येईल. आणि हे उघडं पडलं तर जगात कुणी त्याला पुन्हा प्रत दिली नसती. नोलवेन आणि तिचा लॅपटॉप दोन्ही नाहीसे झाले, की ती खूण कुणालाच कळणार नाही असं त्याला वाटलं.”

एद्गार खाली बसला. “मी तिला मारलेलं नाही,” तो पुटपुटला. “हात नाही लावला. फक्त ढकललं आणि कडी घातली.”

“नाही मारलंस. ते काम तू समुद्रावर सोपवलंस.”

कॅप्टनने त्याच्या दंडाला धरलं. ओदिलने ते पाहिलंसुद्धा नाही. ती पळत होती, पावसात, भिंतीच्या पायऱ्या उतरत. लाटा खालच्या पायरीवर आपटत होत्या. शिपाई कंबरभर पाण्यात उभे राहून दाराशी झटत होते. पाण्याच्या दाबाने दार हलत नव्हतं.

“नोलवेन!”

आतून उत्तर आलं नाही. ओदिल पाण्यात उतरली आणि तिने दाराची कड धरली. तिघांनी मिळून ओढलं, दार हातभर उघडलं, आणि फटीतून छत्र्या बाहेर वाहत आल्या. निळ्या, ओल्या, अर्धवट उघडलेल्या.

त्यांच्यामागून एक हात आला. ओदिलने तो दोन्ही हातांनी धरला आणि ओढला.

नोलवेन बाहेर आली तेव्हा तिचे ओठ काळेनिळे पडले होते. हाका मारून मारून घसा बसला होता. ओठ हलत होते, आवाज नव्हता. ओदिलने तिला छातीशी घट्ट धरलं आणि कान तिच्या तोंडाशी नेला.

“खोक्यांवर चढून उभी होते, आई,” नोलवेन कशीबशी म्हणाली. “बरं झालं, तुझ्या भिकार छत्र्या कुणीच नेल्या नाहीत.”

तेव्हा कुठे ओदिलला रडू फुटलं.