पुठ्ठा बसतो, डबा बसत नाही

इंजिनाच्या पाठीवर पुठ्ठा धरायचा आणि कडेकडेने हातोडीने हलके ठोकत जायचं. लोखंडाची धारच पुठ्ठा कापते, बोल्टांची भोकं आपोआप उमटतात. मग तो साचा घेऊन भंगारात जायचं आणि एकेका गिअरबॉक्सच्या तोंडाला लावून बघायचं. फिटरला हे बापाने शिकवलं होतं. बापाचीच जुनी गाडी आता त्याच्या गॅरेजात चाकांशिवाय, लाकडी ठोकळ्यांवर उभी होती.

तिचं मूळ इंजिन कधीच मेलं होतं. त्याने दुसऱ्या गाडीचं आणून बसवलं. गिअरबॉक्स हवा होता ऑटोमॅटिक, कारण गाडी चालवणार होती ताई, आणि ताईचा डावा पाय अपघातात मांडीपासून गेला होता. क्लच दाबणार कशाने? दाजी म्हणत होते, तिने मागे बसावं, ड्रायव्हर ठेवू. ताई म्हणत होती, मी सामान नाही. पण गाडी ताईच्या नावावर असली तरी त्या घरात शब्द दाजींचा. रविवारपर्यंत गाडी हलली नाही तर सोमवारी तोडायला जाईल, असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

आज रविवारच होता.

सकाळी भंगारात साचा गिअरबॉक्सच्या एका डब्याला असा बसला, जणू त्याच्याच तोंडावरून कापलाय. भंगारवाला मात्र काडी चघळत म्हणाला, "ने. पण दोघांनी परत आणलाय हा. पुठ्ठा बसतो, डबा बसत नाही."

"त्यांना मापं घेता आली नसतील."

"दुसराही पहिल्याबद्दल हेच म्हणाला होता."

दुपारी फिटरने डबा जॅकवर चढवून इंजिनाला भिडवला. बोटभर फट राहिली. मागे घेतला, पुन्हा ढकलला. तीच फट. अशा वेळी बोल्ट आवळून डबा ओढून घेणारे गाढव असतात. आतला पंप फुटतो. त्याने पुठ्ठा इंजिनाला लावला, बसला. डब्याला लावला, बसला. डबा इंजिनाला, नाही. आतला शाफ्ट मोजला, खोली मोजली. सगळं बरोबर. नवा पुठ्ठा कापला, तोही मेला दोन्हीकडे बसला. मग त्याने डब्याच्या सात पिढ्या आणि दाजींची एक, यांचा मनसोक्त उद्धार केला.

एक गोष्ट त्याला आवडली नाही. डबा कोमट होता. सावलीत, गार फरशीवर पडलेलं लोखंड. त्याने हात पुसून पुन्हा लावला.

कोमटच.

तेवढ्यात कुबडी टेकत ताई आली. हात नको म्हणत स्वतःच गाडीत चढली आणि स्टिअरिंग धरून बसली. उद्याचा ट्रक ठरल्याचा दाजींचा फोन येऊन गेला होता, हे तिने असं सांगितलं जणू दूधवाला येऊन गेला.

"बसला का रे?"

"बसेल."

"खोटं बोलताना तू अजून नाक ओढतोस."

तो पुन्हा गाडीखाली शिरला. खांदा लावला, दात खाल्ले. फट हलेना. डोकं फिरलं आणि तोंडातून तेच निघून गेलं, जे शेवटच्या बोटभर फटीला बाप गाडीखालून ओरडायचा, आणि वर बसलेली ताई ऐकायची.

"ताई, क्लच दाब."

त्याने जीभ चावली. क्लचचं पेडल त्याने स्वतःच आज सकाळी काढलं होतं. कापायचं म्हणून ब्रॅकेट-स्प्रिंगसकट बेंचवरच्या व्हाइसमध्ये आवळून ठेवलं होतं. आणि पाय तर...

वर ताई हसली नाही. चिडलीही नाही.

"दाबला," ती म्हणाली.

डबा आत गेला. आवाज नाही, धक्का नाही. फट मिटली.

त्याने बोल्ट लावले. सगळे नुसत्या बोटांनी फिरले.

"ताई."

"हं."

"कशाने दाबलास?"

"सवयीने."

"बरं. सोड आता."

"मी केव्हाच सोडला, रे."

त्याने पडल्यापडल्या मान वळवली. गाडीखालून बेंच तिरकं दिसत होतं. व्हाइसमधलं पेडल तळाला टेकलेलं होतं, स्प्रिंग ताणून तारेसारखी झाली होती. आणि पेडलचं रबर मधोमध, चवड्याएवढं, आत दबलेलं होतं.