आपोआप सेव्ह होतंय

खोटं वाटेल. वाटू दे. रचून सांगायची मला हौस नाही.

यंदाचा मार्च. सांगलीचं मार्केट यार्ड, आमचं हळदीचं दुकान. आणि रात्र नव्हे, रणरणती दुपार.

नानासो चुलते दिवाळीत वारले. दुकान माझ्या गळ्यात आलं. मला ते नको होतं. सगळी उमर फौजेत गेली; बायको आणि लेक शिवांजली साताऱ्यात. आता तरी त्यांच्यात राहायचं होतं, बस्स.

बाजार समितीसाठी कॉम्प्युटरवर अर्ज टाइप केला. 'दुकान बंद करत आहे.'

चहा पिऊन आलो...

'दुकान वाढवत आहे.'

आमच्या धंद्यात 'बंद' हा शब्द अपशकुनी. संध्याकाळी शटर ओढलं तरी दुकान 'वाढवलं' म्हणायचं. सुट्टीत दुकानी बसलो आणि चुकलो की नानासो डाफरायचे, "बंद म्हणू नगंस रं! वाढवलं म्हण!"

पण अर्जात त्याचा अर्थ उलटाच होतो ना!

पुन्हा 'बंद' लिहिलं. हात मांडीवर ठेवून बघत बसलो.

टक... टक... टक...

कीबोर्ड हलत नव्हता. अक्षरं मात्र पुसली जात होती.

पडद्याच्या कोपऱ्यात बारीक खूण उमटली... सेव्ह झालं.

फाइल उडवली. मोबाइलवर ती होतीच.

इंटरनेटची वायर उपसली. खूण पुन्हा उमटली...

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या यशराजला बोलावलं.

"दादा, लिवलेलं आपोआप क्लाउडवर जातंय. हितनं पुसून भागत न्हाई."

"पण बदलतंय कोण?"

त्यानं आधीचे बदल उघडले. मग पडद्यावर बोट ठेवलं.

"तुमीच की. दर येळंला तुमचंच नाव हाय."

मशीनचा नादच सोडला. कोरा कागद घेतला, स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला. दोनदा वाचला. समितीत जाऊन बाळासो क्लार्कच्या हातात दिला.

त्यानं वाचला. हसला.

"वाढवताय व्हय? लय ब्येस! शेजारचा गाळा रिकामाच हाय."

मी कागद हिसकावून घेतला.

अक्षर माझंच होतं...

काल शिवांजलीचा फोन आला. "बाबा, तुम्ही कायमचे कधी येणार?"

'याच महिन्यात' असं सांगायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले... आणि मी घाबरून फोन ठेवून दिला.

तोंडातून माझंच उत्तर बाहेर पडेल, याची खात्री राहिली नव्हती.