मूळ डिस्क कोणती?

दिवा जरा बारीक करा रे. घाबरवायला नाही, डोळ्यांवर येतोय. तर ही गोष्ट आमच्या जेलरोडच्या रविराजची. खोटी वाटली तर त्यालाच जाऊन विचारा. आहे अजून, फक्त कॉम्प्युटरचं काम सोडलंय त्याने.

तारीख पक्की सांगतो. शुक्रवार, १४ डिसेंबर २००१. कार्तिकातली अमावास्या, रात्रीचे साडेआठ. एकलहरे रस्त्यावर सिंधुबाईंचा छापखाना होता, तिथला सर्व्हर सकाळपासून कोकलत होता. त्यात दोन डिस्क, दोन्हींवर तेच काम. एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. त्यातली एक गेली होती. रविराज नवी डिस्क घेऊन स्कूटरवर निघाला. साधं काम.

तो सर्व्हर बसवला होता मनोजने. दोघं एकाच दुकानात नोकरीला. पोळ्याच्या सुमारास सिन्नर रस्त्यावर मनोजला ट्रकने उडवलं. गेला बिचारा, पण त्याचं नाव गिऱ्हाइकांच्या तोंडातून काही जाईना. रविराज डिस्क बसवत होता तेव्हाही सिंधुबाई म्हणाल्याच, "मनोजभाऊ असते ना, तर चहा गार व्हायच्या आत झालं असतं."

मेल्या म्हशीला मणभर दूध! रविराजच्या पोटात दुखलं. खरं सांगायचं तर सहा वर्षं दुखतच होतं. सहा वर्षं लोकांनी त्याला 'मनोजबरोबरचा तो' एवढंच म्हटलं होतं.

सिंधुबाई समोरच्या घरी जेवायला गेल्या. रविराजने मशीन सुरू केलं. सुरू होताना डिस्क सांभाळणारं कार्ड दोन सेकंद विचारतं, सेटिंग बदलायचंय का. तेवढ्यात बटणं दाबावी लागतात. त्याने दाबली. निळा पडदा आला. वर डिस्कच्या जोडीला दिलेलं नाव होतं, मनोज.

मेल्यावरही हा इथं बसलाय! रविराजच्या अंगाचा तिळपापड झाला. नवी डिस्क नुसती जोडीत घ्यायची होती. पण नाव बदलायचं तर जोडी मोडून नव्याने बांधावी लागते. त्याने मोडली. नवं नाव घातलं, रविराज. बरं वाटलं हो त्याला, काय लपवायचं?

कार्डाने विचारलं, मूळ डिस्क कोणती? म्हणजे कशावरून उतरवायचं. आपल्या नावाकडे बघत बघतच त्याने एन्टर दाबलं. कॉपी सुरू झाली.

एक टक्का. दोन टक्के.

मग त्याने नीट वाचलं. मूळ म्हणून त्याने कोरी डिस्क निवडली होती. भरलेली डिस्क पुसली जात होती. छापखान्याचं तीन वर्षांचं काम, लग्नसराईच्या पत्रिका, सगळं. मध्येच बंद करून उपयोग नव्हता, गेलं ते गेलंच.

तीन टक्के.

हात मांडीवर गळून पडले.

दोन...

त्याने डोळे चोळले. टक्के कधी उलटे जात नाहीत.

एक... शून्य.

पुन्हा तोच प्रश्न. मूळ डिस्क कोणती? निवडीची पांढरी पट्टी खाली सरकली. भरलेल्या डिस्कवर थांबली. कीबोर्डवरचं एन्टर खाली गेलं. सावकाश. वर आलं.

रविराजचे हात मांडीवरच होते.

"म... मनोज?"

पडद्यावर कॉपी पुन्हा सुरू झाली. एक टक्का. दोन टक्के.

तासाभरात कॉपी पुरी झाली. सगळं काम शाबूत. आणि नाव? नाव रविराजचंच राहू दिलं होतं. तेच त्याला सोसेना. "काका, त्याने माझं नाव पुसलं असतं तर बरं झालं असतं," मला म्हणाला.

सिंधुबाई आल्या. फायली उघडून पाहिल्या, खूश झाल्या. "रविराजभाऊ, तुमचा हात तर मनोजभाऊंपेक्षा भारी!" ज्या वाक्यासाठी सहा वर्षं जीव टाकला ते आज कानावर आलं, आणि त्याला मान वर करवेना. खाली बघतच त्याने काम झाल्याचा कागद लिहिला, सही केली. वरची प्रत स्वतःकडे ठेवली, कार्बनखालची बाईंना दिली.

त्यांनी वाचली. बराच वेळ वाचत राहिल्या.

"भाऊ... ही सही..."

वरच्या प्रतीवर सही रविराजची होती. कार्बनखाली, त्याच जागी... मनोजची.